झूमवर गाण्याचा क्लास: तानपुरा गिळणाऱ्या सेटिंगचा बंदोबस्त

तानपुरा सुरू केला, चारही तारांचे दोन-तीन फेरे झाले, आणि पलीकडून विचारणा येते, ‘तानपुरा बंद केलात का?’ इकडे तो व्यवस्थित वाजतोय. पेटीवर षड्ज धरून ठेवला की पलीकडे पहिले दोन-तीन सेकंद ऐकू येतो, मग विरून जातो. डग्ग्याचा घुमारा तर पोचतच नाही. यात माइकचा दोष नसतो आणि बहुतेक वेळा इंटरनेटचाही नसतो. झूम त्याचं काम चोख करत असतं. ते काम बोलण्यासाठी आखलेलं आहे, गाण्यासाठी नाही, एवढंच.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये कामाचा आवाज एकच, माणसाचं बोलणं. बोलणं सतत बदलतं आणि अधूनमधून थांबतं. पंखा, एसी, इन्व्हर्टर यांची घरघर मात्र एकसारखी आणि अखंड. म्हणून एकसारखं आणि अखंड जे असेल तो कचरा, असा सॉफ्टवेअरचा हिशेब. आता तानपुऱ्याकडून आपली अपेक्षा काय असते? एकसारखं आणि अखंड वाजावं. सॉफ्टवेअरच्या लेखी तो खोलीतला सर्वांत सुरेल पंखा.

आवाजावर काय काय होतं

माइकमधून निघालेला आवाज पलीकडे पोचण्याआधी त्यावर चार प्रक्रिया होतात. त्या ओळखीच्या झाल्या की बिघाड नुसता ऐकून कळतो.

पहिली, गोंगाट कमी करणं. तानपुरा आणि पेटीचा लांबवलेला सूर हीच खाते. तबल्याचं जरा वेगळं होतं. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ तिला कीबोर्डच्या टकटकीसारखा वाटतो. मग कधी बोलच गायब होतो, कधी नुसती टिचकी उरते आणि मागची आस (रेंगाळणारा नाद) कापली जाते.

दुसरी, तळाचे आवाज गाळणं. टेबलाला बसलेला धक्का, माइकवर आदळणारा वारा यांसाठी खालचे हर्ट्झ कापले जातात. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा, तर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालची तार, त्याच्या निम्मा, ६९.३ हर्ट्झ. डग्ग्याचा घुमाराही याच तळात राहतो. ही चाळणी लागली की खर्जाचा पाया जातो आणि वरची जवारी तेवढी झिणझिणत राहते.

तिसरी, पातळी आपोआप वरखाली करणं. आलाप हळू सुरू झाला की सॉफ्टवेअर माइक वाढवतं, त्याबरोबर खोलीही मोठी ऐकू येते. तार षड्जाला आवाज खुलला की लगेच दाबतं. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा तोटा, कारण विद्यार्थ्याने आवाज खरोखर लावला की नुसता गुणगुणला, हे पलीकडे कळायला मार्गच उरत नाही.

चौथी, एको कॅन्सलेशन. पलीकडचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघून तुमच्याच माइकमध्ये शिरतो, तो ओळखून काढून टाकणं. दोघांनी एकदम आवाज केला की हिची तारांबळ उडते. विद्यार्थी समेवर येत असताना गुरुजींनी ‘हं, छान’ म्हटलं की नेमकी समेवरचीच अक्षरं तुटतात.

पहिल्या तीन बिनदिक्कत बंद करायच्या. चौथी मात्र कानात हेडफोन असेल तरच.

लॅपटॉपवर काय दाबायचं

ब्राउझरमधून क्लासला बसू नका. झूमचं डेस्कटॉप ॲप घ्या आणि ते अद्ययावत ठेवा.

१. ॲप उघडून कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर क्लिक करा, मग ‘सेटिंग्ज’ आणि त्यात ‘ऑडिओ’.

२. स्पीकर आणि मायक्रोफोन या दोन्ही यादींतून उपकरण नावाने निवडा. ‘सेम ॲज सिस्टिम’ ठेवलंत आणि मध्येच काही जोडलं-काढलं, तर माइक गुपचूप बदलतो. गाताय चांगल्या माइकसमोर आणि आवाज जातोय लॅपटॉपच्या छिद्रातून, असा प्रकार होतो. खात्री करायची तर निवडलेल्या माइकच्या जाळीवर बोटाने हलकेच टिचकी मारा. इनपुटची पट्टी जोरात उसळली नाही, तर तो माइक चालू नाही.

३. ‘ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम’ची खूण काढा. मग सर्वांत जोरदार तान घ्या किंवा डग्ग्यावर भरदार ‘धा’ वाजवा, आणि पट्टी पाऊण भागापर्यंतच जाईल अशा बेताने खालचा सरकता दांडा लावा. ‘आवाज ऐकू येतोय ना, एक दोन तीन’ म्हणत पातळी लावण्याची पद्धत इथे चालत नाही. बोलताना लावलेली पातळी तार सप्तकात हमखास फाटते.

४. खाली ‘ऑडिओ प्रोफाइल’मध्ये ‘झूम बॅकग्राउंड नॉइज रिमूव्हल’ निवडलेलं असेल. ते सोडून ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा. वरच्या पहिल्या तीन प्रक्रिया इथेच बंद होतात.

५. त्याखाली तीन चौकटी येतात. ‘हाय-फिडेलिटी म्युझिक मोड’ला खूण करा. आवाज मग ४८ किलोहर्ट्झने आणि सेकंदाला ९६ किलोबिट्सने जातो. ‘एको कॅन्सलेशन’ सध्या चालूच राहू द्या. ‘स्टीरिओ ऑडिओ’ला हात लावू नका. त्याने डेटा दुप्पट होऊन १९२ किलोबिट्स लागतो, आणि एका माइकसमोर एक माणूस गात असताना डावं-उजवं असं काही नसतंच.

६. मीटिंग सुरू झाल्यावर खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स: ऑन’ असं दिसलं पाहिजे. ‘ऑफ’ असेल तर त्यावरच क्लिक करा.

सहाव्या पायरीवर बरेच जण फसतात. झूमच्या जुन्या आवृत्तीत त्याच जागी ‘टर्न ऑन ओरिजिनल साउंड’ असं लिहून यायचं. वाचणाऱ्याला वाटायचं चालू आहे, आणि अर्थ नेमका उलटा: बंद आहे, चालू करायला इथे दाबा. पलीकडच्या आजोबांच्या लॅपटॉपवर अजून जुनं ॲप असेल तर फोनवर समजावताना हे ध्यानात असू द्या.

कोपऱ्यात असं काही दिसतच नसेल, तर झूमच्या संकेतस्थळावर खात्यात लॉगिन करून ‘सेटिंग्ज’, ‘मीटिंग’, ‘इन मीटिंग, ॲडव्हान्स्ड’ असं जा. तिथे मूळ आवाज निवडण्याची मुभा देणारं बटण आहे, ते चालू करून ॲप बंद करून पुन्हा उघडा. खातं शाळेचं किंवा कंपनीचं असेल तर हे बटण त्यांच्या ॲडमिनच्या हातात असू शकतं. अशा वेळी स्वतःचं मोफत खातं उघडणं सोपं. चाळीस मिनिटांची मर्यादा येते, पण मूळ आवाजाची सोय त्यातही आहे.

आणि ही सेटिंग ज्याची त्याची असते. गुरुजींनी सगळं लावलं तर गुरुजींचा आवाज नीट जाईल. विद्यार्थ्याचा आवाज नीट यायचा असेल तर हीच सहा पावलं त्याच्या लॅपटॉपवर व्हायला हवीत. पहिल्या दिवशी त्याला स्क्रीन शेअर करायला सांगून एकदाच करून घ्या, पुढचे कित्येक क्लास वाचतात.

एको कोणाचा, हे कसं ओळखायचं

नियम एकच, आणि पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो तो निर्दोष, गडबड पलीकडच्याकडे आहे. पुण्यातल्या ताईंना आपलंच गाणं अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येत असेल, तर न्यू जर्सीतल्या मुलीचा स्पीकर मोठा आहे आणि तो तिच्याच माइकमध्ये शिरतोय. ताईंनी आपल्याकडे काहीही बदलून उपयोग नाही. मुलीने हेडफोन लावावा, नाहीतर एको कॅन्सलेशन चालू करावं.

दोघांच्याही कानात हेडफोन असतील तर स्पीकर ते माइक हा रस्ताच बंद होतो. मग दोन्हीकडचं एको कॅन्सलेशन काढून टाका. फरक लगेच कळतो: विद्यार्थी गात असताना ‘वरचा गंधार अजून वर’ असं म्हटलं तरी त्याचा आवाज तुटत नाही. एकाने जरी स्पीकरवर ऐकायचं ठरवलं तर त्याच्या बाजूचं एको कॅन्सलेशन चालू राहिलं पाहिजे.

एकाच खोलीत दोन उपकरणं जोडली की कर्कश शिट्टी सुरू होते. तबला शिकवणारे हात दिसावेत म्हणून मोबाइल वरून लावतात आणि चेहऱ्यासाठी लॅपटॉप ठेवतात, तिथे हे हमखास. मोबाइल नुसता म्यूट करून भागत नाही, त्याचा स्पीकर चालूच असतो. त्याला ऑडिओमध्ये सामीलच होऊ देऊ नका. झाला असेल तर त्यातून ऑडिओ तोडा. लॅपटॉपवर हेच करायचं तर माइकशेजारच्या बाणात ‘लीव्ह कॉम्प्युटर ऑडिओ’ आहे.

हेडफोन तारेचाच

ब्लूटूथचे इअरबड गाणं ऐकायला कितीही छान असोत, क्लासला नकोत. नुसतं ऐकताना ते एका पद्धतीने जोडलेले असतात. त्यांचा माइक वापरायला घेतला की बहुतेक जोड्या फोन कॉलच्या पद्धतीवर उतरतात. तिथे आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा होतो. झूमने ४८ चा आवाज पाठवला काय नि नाही काय, कानात पोचेपर्यंत त्याचा टेलिफोन झालेला असतो. शिवाय ब्लूटूथचा स्वतःचा उशीर असतोच.

दुसरं काही हाताशी नसेल तर निदान झूममध्ये मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडा आणि इअरबड फक्त स्पीकर म्हणून ठेवा. बहुतेक वेळा आवाज पुन्हा भरतो.

साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचा साधा तारेचा हेडफोन घेताना पिनेवरच्या रेघा मोजा. दोन काळ्या रेघा म्हणजे फक्त ऐकायचा. तीन रेघा म्हणजे माइकसकट. लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्यात तीन रेघांचीच पिन माइक देते. कॉलर माइक ‘लागतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा ही एक रेघ असते.

लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: त्या इवल्या स्पीकरांतून ६९ हर्ट्झचा खर्ज निघूच शकत नाही. सेटिंग अगदी बरोबर असली तरी खर्ज ऐकू येणार नाही. शिकवणाऱ्याने ‘खर्जावर लक्ष दे’ म्हणायचं आणि मुलाने मान डोलवायची, असं नको.

विंडोजच्या दोन खोड्या

झूममध्ये सगळं ठीक करूनही तानपुरा बारीक होत असेल तर विंडोजकडे वळा. विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘mmsys.cpl’ असं टाइप केलं की जुनी ‘साउंड’ची खिडकी उघडते.

तिच्या शेवटच्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये पहिली खोडी आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा, असं तिथे बऱ्याचदा निवडलेलं असतं. त्याच लॅपटॉपवर तानपुऱ्याचं ॲप लावलं असेल तर मीटिंग जोडली रे जोडली की ते कुजबुजायला लागतं. ‘डू नथिंग’ निवडा.

दुसरी ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये. माइकवर दोनदा क्लिक करा. ‘लेव्हल्स’मध्ये ‘मायक्रोफोन बूस्ट’ असेल तर तो शून्यावर आणा. २० किंवा ३० डेसिबलचा बूस्ट चढलेला असला की झूमची पट्टी कितीही खाली आणा, आवाज फाटूनच येतो, कारण तो झूमपर्यंत पोचायच्या आधीच फाटलेला असतो. ‘एन्हान्समेंट्स’ किंवा ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ दिसेल ते बंद करा, नाहीतर झूमने सोडलेलं साफसफाईचं काम विंडोज अंगावर घेतं. काही लॅपटॉपमध्ये कंपनीचं वेगळं ॲपही हाच उद्योग करतं, त्यातही गोंगाट कमी करण्याचं बटण शोधून बंद करा. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ४८००० हर्ट्झ निवडलं की झालं.

मॅकवर दोनच गोष्टी. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये मायक्रोफोनची परवानगी झूमला आहे ना, आणि मीटिंग चालू असताना मेनूपट्टीतल्या ‘माइक मोड’मध्ये ‘व्हॉइस आयसोलेशन’ तर लागलेलं नाही ना. तिथे ‘स्टँडर्ड’ किंवा ‘वाइड स्पेक्ट्रम’ हवं. आयफोन आणि आयपॅडवरही आयओएस १५ पासून हा माइक मोड आहे. कॉल चालू असताना कंट्रोल सेंटर खाली ओढलं की दिसतो.

अँड्रॉइडवर झूमच्या सेटिंगमध्ये ‘यूज ओरिजिनल साउंड’ चालू करायचं आणि मीटिंगमध्ये ‘मोअर’मधून तो पर्याय सुरू करायचा. आवृत्तीनुसार त्याची जागा थोडी हलते. मोबाइलवर शिकता येतं. शिकवायला मात्र लॅपटॉप बरा.

खोली आणि माइक

साफसफाई बंद केली म्हणजे आता खोलीत जे आहे ते सगळं पलीकडे जाणार. छताचा पंखा बंद करा, निदान गात असेपर्यंत. स्वयंपाकघराचं दार लावा. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती असलेली खोली आवाज घुमवते. सतरंजी घालून, पडदे ओढून आणि कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसलं तरी बराच फरक पडतो.

गळ्यासाठी माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थेट समोर नको, जरा बाजूला आणि हनुवटीच्या उंचीला. समोर ठेवला तर ‘प’ आणि ‘भ’ला हवेचे ठोसे बसतात. पेटीवर माइक ठेवू नका, भात्याची धडधड लाकडातून चढते. पेटी आणि गळा एकाच माइकवर घ्यायचा असेल तर तो गळ्याकडे वळवून पेटीपासून लांब ठेवा, कारण पेटी तशीही गळ्यावर कुरघोडी करते. तबल्याला दायाँ आणि डग्गा यांच्या मधोमध, साधारण दोन वीत वर. जवळ आणला तर चाट टोचते आणि डग्गा फुगतो.

बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) वापरत असाल तर कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं, डायनॅमिकला नाही. गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) असा ठेवा की सर्वांत जोराच्या आवाजालाही लाल दिवा लागणार नाही.

बारीक ‘हूं’ असा अखंड आवाज येत असेल तर आधी चार्जर काढून पाहा. लॅपटॉप बॅटरीवर गेला की हूं थांबला, तर घरातलं अर्थिंग किंवा दोन पिनांचा चार्जर हे कारण. दुसरा सॉकेट पाहा, नाहीतर बॅटरी भरून ठेवून क्लास बॅटरीवरच घ्या. मूळ आवाज चालू केल्यानंतरच हा हूं अचानक ‘उगवतो’. तो आधीपासून होताच, झूम तो पुसत होतं.

तानपुरा आणि ठेका कोणाकडे वाजवायचा

जुळवाजुळव सगळी झाली तरी दोघांनी एकत्र गाणं जमत नाही, आणि ते कुठल्याही बटणाने जमणार नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार सरळ रेषेत असती तरी एका बाजूलाच ६० मिलिसेकंदांच्या वर गेले. प्रत्यक्ष तारा वळसे घेत जातात, राउटर लागतात, आणि झूमही आवाज तुटू नये म्हणून थोडा साठवून मगच सोडतं.

एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंद धरू. गुरुजींनी मिनिटाला १२० मात्रांचा तीनताल वाजवला, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. विद्यार्थ्याला ठेका १५० उशिरा पोचला. तो त्यावर अचूक गायला. त्याचं गाणं परत यायला आणखी १५०. गुरुजींच्या हातातल्या ठेक्याच्या मानाने तो ३०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त मागे. २४० मात्रांच्या द्रुतात तर अख्खी मात्रा ओलांडली. आणि विद्यार्थी बेताल आहे म्हणून बोलणी खातो!

म्हणून नियम: जो गातो त्याच्याकडे ठेका, जो गातो त्याच्याकडेच तानपुरा. विद्यार्थ्याने आपल्या खोलीत तालमाला (ठेका वाजवणारं यंत्र) किंवा मोबाइलवरचं ॲप लावावं, त्यावर गावं, आणि दोन्ही एकाच माइकमधून पाठवावं. उशीर गाण्याला आणि ठेक्याला सारखाच होतो, त्यामुळे पलीकडे सम जिथल्या तिथे ऐकू येते. गुरुजींनी त्या वेळी हाताने टाळी देऊ नये. पडद्यावर ती उशिराच दिसते आणि मुलाला चुकवते. सुरुवातीला मात्रा मोजून द्या, मग हात मांडीवर.

गुरुजींचा तानपुरा चालू आणि विद्यार्थ्याचाही चालू, असं मात्र ठेवायचं नाही. दोन्ही काळी चारलाच लावलेले असले तरी केसभर फरक असतोच, आणि दोन्ही मिसळून सुराला हेलकावे बसतात. ज्याची पाळी नाही त्याने म्यूट व्हावं. विंडोजवर ऑल्ट आणि ए, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ए. हात पेटीवर असताना माउस शोधण्यापेक्षा ही कळ बोटांना लावून घ्या. पाच-सहा मुलांच्या वर्गात होस्टने ऑल्ट आणि एमने सगळ्यांना एकदम म्यूट करून एकेकाला उघडावं.

तानपुऱ्याचं ॲप किंवा जुनं ध्वनिमुद्रण ऐकवायचं असेल तर स्पीकरवर लावून माइकसमोर धरण्याची गरज नाही. ‘शेअर’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबला ‘कॉम्प्युटर ऑडिओ’ आहे. स्क्रीन न दाखवता नुसता लॅपटॉपचा आवाज थेट जातो, माइकला मध्ये न घेता. जुनी मैफल ऐकवून थांबवत-थांबवत समजावायला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

एकाच शहरातल्या दोघांना खरोखर साथसंगत करायची असेल तर झूम सोडा. सोनोबस, जमुलस, जॅकट्रिप ही मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहेत. पण दोन्हीकडे राउटरपासून केबल, ऑडिओ इंटरफेस आणि तारेचे हेडफोन ही किमान अट. वायफायवर ती झूमपेक्षा वाईट वाजतात.

आवाज तुटतोय

आता इंटरनेट. आवाजाला लागतात ९६ किलोबिट्स. चित्राला त्याच्या कितीतरी पट, ७२०पी साठी एक मेगाबिटच्या वर. त्यामुळे आवाज तुटायला लागला की आधी व्हिडिओ सेटिंगमधलं ‘एचडी’ बंद करा, मग गरज पडली तर कॅमेराच. गाण्याच्या क्लासला चेहरा थोडा धूसर चालतो. राउटरपासून लॅपटॉपला इथरनेटची केबल लावणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ उपाय. ते शक्य नसेल तर वायफाय पाच गिगाहर्ट्झवर घ्या आणि राउटरच्या खोलीतच बसा.

मीटिंग चालू असताना झूमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टॅटिस्टिक्स’, त्यात ‘ऑडिओ’ उघडा. लेटन्सी म्हणजे उशीर. तो मोठा पण स्थिर असेल तर आलटून-पालटून गायला अडचण नाही. जिटर म्हणजे त्या उशिरातली चढउतार, आणि पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवलेले तुकडे. हे दोन आकडे उड्या मारत असतील तर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) मध्येच तुटते, रोबोसारखा आवाज येतो. अशा दिवशी हाय-फिडेलिटीची खूण काढून पाहा. आवाज जरा बोथट होईल, पण सलग येईल.

झूमऐवजी दुसरं काही वापरत असाल, तर टीम्समध्येही ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ आहे आणि नॉइज सप्रेशन बंद करता येतं. गूगल मीटमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं. संगीतासाठी झूमइतकी मोकळीक मीटमध्ये नाही.

ध्वनिमुद्रण

बंदिश पाठ करायला क्लासचं मुद्रण उपयोगी पडतं, पण ते क्लासपुरतंच चांगलं असतं. नवी बंदिश शिकवताना गुरुजींनी ती मोबाइलच्या रेकॉर्डरवर वेगळी गाऊन ठेवावी आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. म्हणजे फाइल न दाबता तशीच पोचते.

झूमवरचं मुद्रण कॉम्प्युटरवर घेत असाल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रेकॉर्डिंग’ला प्रत्येक व्यक्तीची आवाजाची फाइल वेगळी ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की विद्यार्थ्याला नुसता आपला आवाज ऐकून सूर कुठे घसरला ते तपासता येतं. क्लास संपल्यावर झूम ही फाइल तयार करायला काही मिनिटं घेतं आणि ‘डॉक्युमेंट्स’मधल्या झूमच्या फोल्डरात ठेवतं. तो टक्केवारीचा पट्टा पूर्ण होईपर्यंत लॅपटॉपचं झाकण लावू नका.